बांधावरचा शब्द विकत मिळतो का?

मे महिना निम्मा सरला की बदनापुरातल्या कृषी केंद्रांमध्ये एक नवा हिशेब सुरू होतो. पूर्वी रस्त्याकडेची भिंत रंगवायची की रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव फिरवायचा, एवढाच प्रश्न असे. आता दुकानदार विचारतो, अमक्या शेतकरी ग्रुपचा ॲडमिन एका पोस्टचे दोन हजार मागतोय, द्यावेत का? सल्ला देणारे दोन पक्ष लगेच तयार होतात. पहिला म्हणतो, ग्रुपवर हजार माणसे आहेत, माणशी दोन रुपये पडले, पत्रके छापून वाटण्यापेक्षा स्वस्त. दुसरा म्हणतो, सुप्रभातच्या फुलांखाली तुझी पोस्ट गाडली जाईल, पैसे पाण्यात. दोघेही व्यवहारी वाटतात आणि दोघेही एकाच ठिकाणी चुकतात. दोघेही डोळे मोजत बसले आहेत.

माझे म्हणणे असे आहे. शेतकऱ्यांच्या समूहात डोळ्यांना फारशी किंमत नसते, शब्दाला असते. पैसे मोजून तिथे बातमी पोचवता येते आणि तेवढ्यापुरती जाहिरात परवडतेही. पण खात्री पैशाने पोचत नाही. ती विकत घ्यायला गेले, तर समूहाजवळ आधीपासून असलेली खात्रीही त्या व्यवहारात नासते. दुधात मिठाचा खडा पडावा तशी. म्हणून ‘परवडते का’ हा प्रश्न एकट्या दुकानदाराच्या वहीत सुटणारा नाही. तो ॲडमिनच्या आणि वाचणाऱ्याच्या वहीतही मांडावा लागतो.

हा विचार बदनापुरातूनच का

जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचा हा तालुका या प्रश्नासाठी फार सोयीचा आहे. इथे कृषी संशोधन केंद्र आहे, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे. तुरीवर काम करणारे. बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, बीडीएन ७११, बीडीएन ७१६, अलीकडची गोदावरी, हे सगळे वाण इथले. नावातले ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूर आणि ‘बीएसएमआर’ मधल्या ‘बी’चा अर्थही तोच, पुढची अक्षरे वांझ रोगाला दाद न देणारा वाण, असे सांगतात. याच तालुक्यात दावलवाडीला महिकोचे संशोधन केंद्र आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ही कंपनी काढली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि २००२ च्या मार्चमध्ये देशातल्या पहिल्या बीटी कपाशीला मंजुरी मिळाली, तीही याच कंपनीच्या वाणांना.

म्हणजे काही मैलांच्या अंतरात बियाण्याची दोन अगदी वेगळी घराणी नांदतात. एका घराण्याजवळ जाहिरातीला पैसा नाही, दुसऱ्याचा धंदा जाहिरातीशिवाय चालत नाही. आणि दोघांचेही बियाणे मराठवाडाभर पसरलेले आहे. जाहिरातीचे खरे काम काय, हे तपासायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

१. जाहिरातीशिवाय काय काय पसरले

बीडीएन ७११ हा वाण २०१२ चा. पांढरी तूर. दीडशे-एकशेपंचावन्न दिवसांत काढणीला येते. लगेच पुढची काही वर्षे मराठवाड्याला कोरडी गेली. सहा-सहा महिने उभ्या राहणाऱ्या तुरी शेंगा भरण्याच्या वेळी ओल संपल्याने वाळल्या आणि ही लवकर येणारी तूर पदरात पडली. हे शेजाऱ्याने बांधावरून पाहिले. त्याने खळ्यावरून पायलीभर बी मागून नेले. कुणी भिंत रंगवली नाही, कुणी भोंगा फिरवला नाही. १८ मे हा विद्यापीठाचा वर्धापन दिन. त्या दिवशीच्या खरीप मेळाव्यात बियाण्यासाठी जी रांग लागते, ती कोणत्याही जाहिरातीने लावलेली नाही.

ही गोड गोष्ट झाली. कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर मी फक्त सोयीची उदाहरणे वेचतो असे होईल. तणनाशकाला दाद न देणारी कपाशी, म्हणजे बोलीतली ‘एचटीबीटी’. तिच्या विक्रीला परवानगी नाही. तिची जाहिरात करणे म्हणजे आपणच आपल्यावर गुन्हा ओढवून घेणे. पक्के बिल मिळत नाही, पिशवीवर कधी नाव असते, कधी नसते. तरीही ती विदर्भात आणि मराठवाड्यात पोचली, इतकी की १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. जाहिरातीवर पूर्ण बंदी असलेला माल केवळ कानोकानी इतका खपतो, तेव्हा खपाचे मूळ जाहिरातीत शोधणाऱ्याने थोडे थांबावे. बिल नसल्यामुळे फसगत झाली तर दाद मागायची सोय नाही, हा या कडू गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. बांधावरचा शब्द ताकदवान असतो एवढेच मी म्हणतो. तो नेहमी शहाणा असतो, असे म्हणत नाही. त्याकडे पुढे येऊ.

२. बातमी वेगळी, खात्री वेगळी

यावर कुणी म्हणेल, मग जाहिरात निरर्थकच. तसेही नाही. इथे ऐंशी वर्षांपूर्वीचा एक जुना अभ्यास कामाला येतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी संकरित मका कसा पसरला हे तपासले. निष्कर्ष १९४३ मध्ये छापले. दोन वस्त्यांमधल्या अडीचशेहून थोड्या अधिक शेतकऱ्यांना त्यांनी दोन वेगळे प्रश्न विचारले. या बियाण्याबद्दल पहिल्यांदा कुणाकडून कळले? जवळपास निम्म्यांनी सांगितले, कंपनीच्या विक्रेत्याकडून. आणि घ्यायचे असे मनाने ठरले ते कुणामुळे? इथे शेजारी विक्रेत्याच्या पुढे गेला. शिवाय बहुतेकांनी पहिल्या वर्षी सगळे रान त्याखाली घातले नाही. एखादी पट्टी लावून पाहिली.

या दोन प्रश्नांमधली फट ज्याला दिसली, त्याला जाहिरातीचा अर्थ कळला. पहिले काम बातमी देण्याचे. ते पैशाने होते, आणि परका माणूस ते घरच्यापेक्षा चांगले करतो. दुसरे काम भरवसा देण्याचे. त्यासाठी असा माणूस लागतो ज्याचे स्वतःचे रान त्या बियाण्याखाली होते, ज्याचे नुकसान झाले असते तर आपण ते पाहिले असते, आणि ज्याला ‘घे’ म्हणून सांगण्याबद्दल काही मिळालेले नाही. यातली शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. दोन हजार रुपये हातात पडताच नेमकी तीच मोडते.

३. मृगाचा पाऊस आणि जाहिरातीचे श्रेय

‘पण साहेब, पोस्ट टाकली आणि आठ दिवसांत माल संपला!’ हा पुरावा मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याच्यासाठी स्वतंत्र पायरी राखून ठेवली.

पोस्ट कधी टाकली? जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर काय झाले? मृग लागला. पाऊस पडला. कृषी खाते सांगते, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तो झाला की तालुक्यातले प्रत्येक दुकान, पोस्ट टाकलेले आणि न टाकलेले, सकाळी सातपासून गजबजते. त्या गर्दीचे श्रेय ढगाला द्यायचे की ॲडमिनला? खरा प्रश्न किती माल गेला हा नसून, पोस्ट नसती तर किती कमी गेला असता हा आहे. शेजारच्या दुकानाचा माल किती दिवसांत संपला, हे विचारायची तसदी मात्र कुणी घेत नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. ईबे ही अमेरिकी कंपनी आपले नाव शोधणाऱ्यांसमोर आपलीच जाहिरात दिसावी म्हणून शोधयंत्रांना भरपूर पैसे देत असे. २०१२ मध्ये तिच्या अर्थतज्ज्ञांनी या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. येणारे जवळपास सगळे ग्राहक बिनपैशाच्या दुव्यावरून आलेच. ते येणारच होते. जाहिरात फक्त दारात उभी राहून त्यांची मोजदाद करत होती. २०१५ मध्ये छापलेल्या त्या शोधनिबंधातली आणखी एक गोष्ट माझ्या म्हणण्याला जास्त जवळची आहे. नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा थोडा परिणाम दिसला, नेहमीच्यांवर दिसला नाही. ज्याला माहीत नव्हते त्याला कळले, ज्याला माहीत होते त्याला काहीच झाले नाही. आयोवाचा मका आणि ईबेचा बाजार, मध्ये सत्तर वर्षे, आणि निष्कर्ष एकाच बांधावर येऊन भेटतात.

आता बदनापूरचा हिशेब करू. बोलगार्ड-२ कपाशीच्या पाकिटाचा कमाल भाव केंद्र सरकार ठरवते. २०२५ च्या हंगामात तो ९०१ रुपये होता. समजा, दुकानदाराला पाकिटामागे पन्नास रुपये सुटतात. दोन हजारांची पोस्ट वसूल व्हायला चाळीस पाकिटे जादा विकली गेली पाहिजेत. ‘जादा’ या शब्दावर बोट ठेवा. आणि ग्रुपवर तरी कोण? व्हॉट्सॲपच्या ग्रुपला १,०२४ सदस्यांची मर्यादा. त्यातले किती बदनापूर तालुक्यातले, किती परभणी-बुलढाण्याचे, किती पुण्यात नोकरीला असलेले पण गावाची ओढ म्हणून थांबलेले, किती कंपन्यांचेच प्रतिनिधी आणि किती दुसरे दुकानदार? हे सगळे वजा केल्यावर जे उरतात, त्यांच्यातून चाळीस नवे गिऱ्हाईक काढायचे आहे. निघतील कदाचित. पण मोजणार कसे? मोठमोठ्या कंपन्यांना लाखो लोकांवर प्रयोग करूनही जाहिरातीचा फायदा नेमका सांगता येत नाही. एका दुकानाच्या गल्ल्यावरून तो सांगणे म्हणजे विहिरीत बादली बुडवून पाऊस मोजणे.

४. उधारीची वही

एक गोष्ट शहरातल्या जाहिरातवाल्यांना कधीच दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्याकडे बहुतेक शेतकऱ्याचे दुकान ठरलेले असते आणि ते उधारीने ठरलेले असते. मागच्या वर्षीची बाकी ज्या वहीत आहे, तिथूनच या वर्षीचे खत-बियाणे येते. खताची टंचाई झाली की एका पोत्याबरोबर नको असलेले दुसरे काहीतरी गळ्यात मारतात. त्याला दुकानाच्या भाषेत ‘लिंकिंग’ म्हणतात, आणि शेतकरी तेही मुकाट घेतो, कारण त्याच दुकानाने त्याला दिवाळीपर्यंत थांबवून घेतलेले असते. ग्रुपवरची देखणी पोस्ट ही वही फाडू शकत नाही. जो रोख नेऊ शकतो, तोच जाहिरात वाचून दुकान बदलतो, आणि असे शेतकरी प्रत्येक गावात बोटांवर मोजण्याइतके.

५. जाहिरात कशाची होते आणि कशाची होत नाही

आतापर्यंत वही दुकानदाराची होती. आता ती मिटवून वाचणाऱ्याची उघडू, कारण या विषयातले खरे दुखणे तिच्यात आहे.

बीडीएन ७११ हा सुधारित वाण. शेतकरी घरचे बी ठेवू शकतो, थोडी काळजी घेतली तर दोन-तीन वर्षे वापरू शकतो. म्हणजे विकणाऱ्याकडे तो दरवर्षी येत नाही. मग त्याची जाहिरात कोण आणि कशाच्या जोरावर करणार? संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. तिथे आज जाहिरातीवर घातलेला रुपया पुढची पाच वर्षे परत येत राहतो. पाच टक्के निंबोळी अर्काची शिफारस विद्यापीठे वर्षानुवर्षे करतात. बांधावरच्या लिंबाखाली निंबोळ्या फुकट पडलेल्या असतात, म्हणून तिचीही जाहिरात होत नाही. माती परीक्षणाची होत नाही. बियाण्याची उगवणक्षमता गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून घरीच तपासता येते, त्याची तर कधीच होणार नाही.

थोडक्यात, जाहिरातीचा पैसा गुणाच्या मागे जात नाही, पुन्हापुन्हा विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूच्या मागे जातो. यात कुणाची बदमाशी नाही, हिशेबच तसा आहे. पण याचा परिणाम पाहा. ज्या समूहात बोलायला पैसे लागतात, तिथे फुकटचे शहाणपण हळूहळू गप्प होते. सदस्यांनी ते सांगायचे थांबवले म्हणून नव्हे. दिवसातून सहा रंगीत पोस्टी ‘टॉनिक’ विकत असताना निंबोळी अर्काची एक साधी ओळ वर सरकून जाते, म्हणून.

टॉनिकचा विषय निघाला तर आकडाही सांगतो. पिकाला जोम देणारी म्हणून विकली जाणारी ही जैव-उत्तेजके २०२१ पर्यंत कुठल्याच कायद्याच्या चौकटीत नव्हती. त्या वर्षी त्यांना खत नियंत्रण आदेशाखाली आणले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितले, की देशात अशी सुमारे ३० हजार उत्पादने अनेक वर्षे तपासणीविना विकली जात होती; नियम कडक होत गेले तशी ती आठ हजारांवर आणि मग साडेसहाशेच्या आसपास आली. तीस हजारांतून साडेसहाशे! बाकीची कशाच्या जोरावर खपत होती? गुणाची परीक्षा तर झालेलीच नव्हती. मग उरते काय, ते वाचकानेच ठरवावे.

६. तक्रार पुसली की स्तुतीही पुसली जाते

आता तिसरी वही, ॲडमिनची. शेतकऱ्यांच्या समूहाची सगळ्यात मोलाची ठेव कोणती? मी म्हणेन, वाईट बातमी. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही. कुणी एकाने न उगवलेल्या तासाचा फोटो टाकला, दुसऱ्याने तोच लॉट आपल्याकडेही गेल्याचे सांगितले, आणि ज्याला ‘माझेच काहीतरी चुकले असेल, खोल पेरले गेले असेल’ असे वाटत होते त्याला कळले, की दोष आपल्या हाताचा नाही. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. एकेकट्या शेतकऱ्याची तक्रार दुकानाच्या काउंटरवरच विरते. पन्नास जणांची एकत्र आली की तिचा पुरावा होतो.

आता याच ग्रुपवर त्या कंपनीची पोस्ट दोन हजार घेऊन टाकलेली आहे, असे समजा. न उगवलेल्या तासाचा फोटो येतो. ॲडमिन भला माणूस आहे. तो फोटो काढून टाकणार नाही कदाचित. पण लिहील, ‘भाऊ, वैयक्तिक बोला, ग्रुपला सहकार्य करणाऱ्यांची बदनामी नको.’ एवढे पुरते. पुढच्या वेळी फोटो येणारच नाही. आणि जिथे ‘उगवले नाही’ असे म्हणायची सोय नाही, तिथे ‘छान उगवले’ या शब्दाला कवडीची किंमत राहत नाही, कारण वाचणाऱ्याला माहीत असते की दुसरा आवाज दाबलेला आहे. म्हणजे दुकानदाराने दोन हजार मोजून जी गोष्ट घेतली, ती घेताक्षणीच स्वस्त झाली. माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा हा आहे, आणि ‘माणशी दोन रुपये’ म्हणणाऱ्याला तो कधी सापडत नाही.

ॲडमिन म्हणेल, कायद्याने मी जबाबदार नाही. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, असे म्हटले खरे. पण ते नुसत्या ॲडमिनबद्दल. पैसे घेऊन शिफारस करणारा हा वेगळा प्राणी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की शिफारस करणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे आर्थिक नाते असेल तर ते ग्राहकाला स्पष्ट कळले पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे. आणि शेतकरी हा बियाण्याचा ‘ग्राहक’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे. ‘मी स्वतः वापरले, जबरदस्त रिझल्ट’ असे पैसे घेऊन लिहिणाऱ्याने हे एकदा वाचून ठेवावे.

आक्षेप

*‘वर्तमानपत्रेही जाहिरातीवरच जगली ना?’* जगली, आणि जाहिरात असूनही त्यांचा शब्द टिकला, कारण दोन्हींच्या मध्ये रेघ होती. जाहिरात चौकटीत असे, अग्रलेख चौकटीबाहेर. वाचक दोन्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचत असे. ती रेघ पुसली की काय होते, तेही महाराष्ट्रानेच २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिले. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हाच घरोघर पोचला. व्हॉट्सॲपवर तर रेघ ओढायला जागाच नाही. जाहिरात, मयताची बातमी आणि पावसाचा अंदाज, सगळे एकाच चौकटीत, एकाच नंबरवरून येते. किर्लोस्करांचे उदाहरण इथे आठवते. नांगर विकणाऱ्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले आणि त्यातूनच पुढे मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. पण ते कारखान्याचे आहे, हे पहिल्या दिवसापासून नावातच लिहिलेले होते. आपल्या मालाबद्दल आपल्या नावाने बोलायला कुणाचीच हरकत नाही. हरकत दुसऱ्याचे तोंड भाड्याने घेण्याला आहे.

*‘नव्याने धंदा सुरू करणाऱ्याने काय करावे? त्याच्यासाठी बोलणारा शेजारी आहेच कुठे?’* हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी पूर्ण मान देतो. मोसंबीची कलमे विकणारा नवा रोपवाटिकावाला, ठिबकची दुरुस्ती करणारा पोरगा, महिलांच्या गटाने सुरू केलेली डाळ मिल, यांची बातमीच कुणाला नाही. त्यांनी जरूर पैसे द्यावेत, पण बातमीचे द्यावेत. अमुक ठिकाणी, अमुक भावात, अमुक तारखेपासून मिळेल, येऊन बघा. मोठ्या कंपन्या करतात काय, तेही पाहावे. त्या ग्रुपवर पोस्ट टाकतात, पण पैशाचा मोठा वाटा रस्त्याकडेच्या शेतातल्या प्रात्यक्षिक प्लॉटवर आणि पीक पाहणीच्या जेवणावळीवर घालतात. डोळ्याने पाहिलेल्या बोंडाला तोड नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळलेले आहे.

*‘ॲडमिनने रात्री बारापर्यंत फुकट का राबावे?’* राबू नये. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विजयअण्णा बोराडे यांनी शेतकऱ्यांची दरमहा चर्चासत्रे रुजवली. मोबाईल येण्याच्या कितीतरी आधीचा तो आपल्या जिल्ह्यातला शेतकऱ्यांचा समूहच. त्यालाही जागा, वेळ आणि खर्च लागला, पण तो संस्थेने उचलला आणि व्यासपीठावर शेतकरी मोकळेपणाने बोलला. ॲडमिनने सदस्यांकडून वर्षाला पन्नास रुपये घ्यावेत. पाचशे सदस्यांनी दिले तरी पंचवीस हजार होतात. कुणी देणार नाही, असे तो म्हणेल. मग समूहाची किंमत सदस्यांच्या लेखी पन्नास रुपयेही नाही, आणि असा समूह दुकानदाराला दोन हजारांना विकणे हा निव्वळ हातचलाखीचा धंदा झाला.

*‘समूहही चुकतोच की!’* हा सगळ्यात अवघड. ग्लेन डेव्हिस स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने वरंगळ जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांचा अभ्यास करून २००७ मध्ये लिहिले, की तिथे बियाण्याची निवड स्वतःच्या प्रयोगातून कमी आणि लाटेतून जास्त होत होती. एका गावात एका वर्षी एकच नाव सगळ्यांच्या तोंडी, दोन वर्षांनी ते नावही नको. आपल्याकडे वेगळे आहे, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? ‘यंदा तेच घ्यायचं, सगळेच घ्यायला लागलेत’ हे वाक्य मीही ऐकले आहे. मान्य. बांधावरचा शब्द लाटेवर स्वार होतो. पण लाट ओसरते कशाने? कुणीतरी उठून ‘माझ्याकडे नाही आले’ असे म्हणाल्याने. समूह चुकतो म्हणून त्याला दुरुस्त होण्याची वाट मोकळी लागते, आणि पैशाची शिफारस नेमकी तीच वाट बुजवते. म्हणजे हा आक्षेप माझ्या विरोधात सुरू होतो आणि माझ्या बाजूने संपतो. ईर्षेने म्हणत नाही. बराच काळ मलाच तो सुटत नव्हता.

मग दोन हजारांचे काय

दुकानदाराने ते द्यावेत की नाही? माल नवा असेल, दुकान नवे असेल, आणि सांगण्यासारखी बातमी असेल, तर हंगामात एकदा द्यावेत. तोच माल, तेच दुकान, आणि दरवर्षी ‘जबरदस्त उत्पादन’ एवढाच मजकूर असेल तर देऊ नयेत. त्या पैशात ओळखीच्या चार शेतकऱ्यांना एकेक पाकीट अर्ध्या भावात द्यावे, रस्त्याकडेच्या पट्टीत लावायला सांगावे, आणि पिकले नाही तरी पाटी तिथेच राहील अशी अट स्वतःवर घालून घ्यावी.

ॲडमिनला मात्र एक विनंती. या मे महिन्यात कुणी पोस्टचे पैसे घेऊन आला, तर त्याच्याकडून आधी हा मजकूर भरून घ्या: पहिल्या ओळीत ‘ही पैसे घेऊन छापलेली जाहिरात आहे’, मग वाणाचे नाव, पाकिटाचा भाव, लॉट क्रमांक, उगवणक्षमता आणि चाचणीची तारीख, शेवटी, उगवले नाही तर ज्याला फोन करायचा त्या जबाबदार माणसाचे नाव आणि नंबर. खाली तुमची एक ओळ: या मालाबद्दलच्या तक्रारी याच ग्रुपवर टाकाव्यात, काढल्या जाणार नाहीत. एवढे लिहून द्यायला जो तयार आहे त्याचे दोन हजार खुशाल घ्या. जो नाही, त्याला चहा पाजून परत पाठवा.